सात वर्षांची सेवा वगळून मंजूर झालेली पेन्शन : ईपीएस-९५ खालील एका तक्रारीचा अभ्यास

कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे कामगारांच्या तोंडची ‘ईपीएस पंचाण्णव’, १६ नोव्हेंबर १९९५ रोजी लागू झाली. तिच्याखाली मिळणारी पेन्शन फारच कमी आहे, हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. परंतु या वाक्यात बहुतेक वेळा दोन निरनिराळी गाऱ्हाणी एकत्र झालेली असतात. नियमच तुटपुंजा आहे, हे एक गाऱ्हाणे; आणि त्या तुटपुंज्या नियमाने जेवढी बसते तेवढीही पेन्शन हातात पडत नाही, हे दुसरे. पहिल्याची दाद आंदोलनात आणि धोरणकर्त्यांकडे मागावी लागते. २०१८ च्या डिसेंबरात बुलढाण्यात पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले ते त्यासाठीच. दुसऱ्याची दाद भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या टेबलावर, कागद दाखवून मागता येते. येथे मांडलेले प्रकरण दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते पहिल्याच फेरीत फसले याचे मुख्य कारण तक्रारदाराने दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात लिहिली, हे होते.

हे प्रकरण या स्वरूपाच्या अनेक तक्रारींतील तपशील एकत्र करून उभे केले आहे. त्यामुळे कामगार, त्याचे दोन्ही मालक आणि संबंधित कार्यालय यांपैकी कोणाचेही नाव त्यात नाही. नियम, मुदती आणि हिशेबाची रीत मात्र जशी आहे तशीच आहे.

कामगाराची पहिली नोकरी एका लहान फाउंड्रीत, १ एप्रिल १९९६ ते ३१ मार्च २००३. त्यानंतर ती फाउंड्री बंद पडली. दुसरी नोकरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, १ मे २००३ ते ३० एप्रिल २०२१. त्या दिवशी वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली. एकूण सेवा २५ वर्षांची. दुसऱ्या मालकामार्फत फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनच्या मागणीचा अर्ज, भरला गेला आणि जुलै २०२१ मध्ये पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, हाती आली. मंजूर रक्कम होती दरमहा २,४८१ रुपये.

ही रक्कम कशी आली हे समजल्याशिवाय तक्रार लिहिता येत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. सूत्र दिसायला सोपे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षे, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. पण तिला कमाल मर्यादा आहे, आणि ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ रोजी ६,५०० वरून १५,००० रुपये झाल्यामुळे हिशेब दोन टप्प्यांत होतो. त्या तारखेपूर्वीच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते, नंतरच्या सेवेला १५,००० ची. या कामगाराचा पगार, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून, शेवटची पाच वर्षे १५,००० च्या वरच होता. दुसऱ्या नोकरीतील पहिल्या टप्प्याची सेवा ११ वर्षे ४ महिने भरते, तिचे १,०५२ रुपये. दुसऱ्या टप्प्याची ६ वर्षे ८ महिने, तिचे १,४२९ रुपये. बेरीज २,४८१. म्हणजे कार्यालयाची आकडेमोड बिनचूक होती. चूक तिच्या आधारात होती, कारण फाउंड्रीतील सात वर्षे हिशेबात धरलेलीच नव्हती.

त्या सात वर्षांचे ६,५०० च्या दराने ६५० रुपये होतात. शिवाय वीस किंवा त्याहून अधिक वर्षे सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते. १८ वर्षेच मोजल्यामुळे हा लाभही हुकला होता. ही दोन वर्षे कमी दराने धरली तरी १८६ रुपये होतात. एकूण फरक दरमहा किमान ८३६ रुपयांचा, म्हणजे मिळत असलेल्या पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. रक्कम लहान वाटेल. पण ती हयातभराची आहे, आणि पतीच्या मागे पत्नीला मिळणारी पेन्शन तिच्याच निम्मी असते.

आता सेवा वगळली कशी गेली? यूएएनची, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या एकाच सदस्य क्रमांकाची, पद्धत २०१४ मध्ये आली. त्याआधीची खाती आपोआप त्याला जोडली गेली नाहीत, आणि फाउंड्रीचे खाते तसेच सुटे राहिले. दुसरी बाब अधिक गुंतागुंतीची. नोकरी सुटल्यावर २००४ मध्ये या कामगाराने फॉर्म १९ भरून फाउंड्रीच्या खात्यातील पीएफ काढून घेतला होता. पीएफ आणि पेन्शन यांचे पैसे वेगळे असतात. पेन्शनचा भाग काढण्यासाठी किंवा त्याऐवजी ती सेवा पुढे धरली जावी म्हणून योजना प्रमाणपत्र घेण्यासाठी फॉर्म १०-सी स्वतंत्रपणे भरावा लागतो, आणि तो त्याने भरला नव्हता. दहा वर्षांहून कमी सेवेवर नोकरी सोडणारे बहुतेक कामगार दोन्ही फॉर्म एकदम भरून मोकळे होत असल्यामुळे, यानेही तसेच केले असणार असे कार्यालयाने गृहीत धरले. तिसरी बाब मालकाची. फाउंड्री डबघाईला आल्यावर शेवटची दोन वर्षे, एप्रिल २००१ पासून पुढे, पगारातून कपात होत राहिली, पण निधीत भरणा झाला नाही.

पहिल्या काही महिन्यांत तक्रार चुकीच्या दारांवर गेली. बँकेला पत्र गेले; बँकेने पीपीओनुसार रक्कम जमा होत असल्याचे कळवले, आणि ते बरोबरच होते. बँकेविरुद्धची तक्रार, व ती न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग, हा जमा होण्यातल्या दोषासाठी असतो. मंजुरीतल्या दोषासाठी नव्हे. कोणीतरी पीएफआरडीए या पेन्शन नियामक प्राधिकरणाच्या लोकपालाचे नाव सुचवले. तो मार्ग एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, हिच्यासाठी आहे, ईपीएसशी त्याचा काही संबंध नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) तक्रार संकेतस्थळावर, म्हणजे ईपीएफआयजीएमएसवर, पहिली तक्रार नोंदवली गेली. तिच्यात महागाई होती, आयुष्यभर केलेले कष्ट होते, किमान पेन्शन साडेसात हजार व्हावी ही मागणी होती, आणि शेवटच्या ओळीत ‘माझी जुनी कंपनी पण धरावी’ एवढेच होते. उत्तर दोन वाक्यांचे आले : कार्यालयातील नोंदींनुसार पेन्शन योग्य रीतीने मंजूर झालेली आहे, तक्रार निकाली काढण्यात येत आहे. हे उत्तर संतापजनक असले तरी अतार्किक नव्हते. ज्या तक्रारीत कालावधी नाही, खाते क्रमांक नाही आणि नियमाचा उल्लेख नाही, ती बंद करणाऱ्याला कोणत्याही प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही.

येथून प्रकरणाला वळण लागले ते कामगार संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्त्यामुळे. त्यांचे सांगणे असे, की वरच्या साहेबाकडे जाण्याआधी खालच्या टेबलाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला लावले पाहिजे, कारण लेखी ‘नाही’ हातात असल्याशिवाय वर दाखवायला काहीच नसते. त्यानुसार प्रथम कार्यालयात अर्ज देऊन पेन्शनचा हिशेब-तक्ता मागण्यात आला व अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेण्यात आला. शिक्क्याची ही प्रत पुढे प्रत्येक टप्प्यावर जोडली गेली. तोंडी चौकशीला कार्यालयीन नोंदीत अस्तित्व नसते, ही गोष्ट निवृत्त माणसे फार उशिरा ध्यानात घेतात.

दरम्यान घरातील ट्रंक उपसून कागद बाहेर काढले गेले. १९९६-९७ ते २०००-०१ या पाच वर्षांच्या पीएफच्या वार्षिक स्लिपा मिळाल्या. त्यांवर खाते क्रमांक स्पष्ट होता. २००१ नंतरच्या स्लिपा नव्हत्या, कारण भरणाच झाला नव्हता. मात्र त्या काळातील काही पगारपावत्या होत्या, आणि त्यांवर पीएफ कपातीचा रकाना भरलेला होता. ईएसआयचे कार्ड होते. नोकरी सुटल्याचा दाखला होता. २००४ च्या बँक पासबुकात निधी कार्यालयाकडून आलेली एकच रक्कम दिसत होती. १०-सी मंजूर झाला असता तर आणखी एक जमा दिसायला हवी होती. एका बँकेचे पासबुक हा काही निर्णायक पुरावा नव्हे, पण कार्यालयाच्या गृहीतकाला धक्का देण्यापुरता तो पुरेसा होता.

उरलेली माहिती कार्यालयाच्याच दप्तरात होती आणि ती मिळवण्यासाठी २०२२ मध्ये माहिती अधिकाराचा अर्ज करण्यात आला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. या अर्जात ‘माझी पेन्शन कमी का’ असा प्रश्न नव्हता. ‘का’ विचारणाऱ्या प्रश्नाला माहिती अधिकारात सहसा उत्तर मिळत नाही. नोंदींच्या प्रती मागितल्या होत्या. एक, फाउंड्रीच्या खाते क्रमांकावरील वर्षनिहाय फॉर्म ३-ए, म्हणजे सदस्याच्या वर्षभराच्या अंशदानाचा तक्ता. दोन, त्या खात्यावर फॉर्म १०-सी चा दावा मंजूर झाला असल्यास त्याची तारीख, रक्कम आणि धनादेश क्रमांक. तीन, त्या आस्थापनेविरुद्ध भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम ७-अ खाली थकबाकी निश्चित करणारा आदेश झाला असल्यास त्याची प्रत.

पाच वर्षांचे ३-ए मिळाले. १०-सी बाबत ‘दावा मंजूर झाल्याची नोंद आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर आले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद हाच. कारण ज्या गृहीतकावर पहिला नकार उभा होता ते त्याच कार्यालयाच्या सहीने कोसळले. तिसरी माहिती त्रयस्थ पक्षाची असल्याचे सांगून नाकारली गेली. तीस दिवसांच्या आत पहिले अपील केले गेले, त्यात थकबाकीच्या आदेशाशी अर्जदाराचा स्वतःचा पेन्शनहक्क निगडित असल्याचे दाखवले गेले, आणि अपिलीय अधिकाऱ्याने प्रत देण्यास सांगितले. आदेशात २००१ ते २००३ या काळाची थकबाकी आस्थापनेवर निश्चित केलेली होती; तिची वसुली अर्धवटच झाली होती.

आता तक्रार नव्याने लिहिली गेली. तिचा गाभा असा होता :

‘महोदय, माझ्या पीपीओमध्ये केवळ ०१.०५.२००३ ते ३०.०४.२०२१ ही सेवा धरण्यात आली आहे. ०१.०४.१९९६ ते ३१.०३.२००३ ही सेवा वगळण्यात आली असून तिचा खाते क्रमांक व पुरावे सोबत जोडले आहेत. सदर खात्यावर फॉर्म १०-सी चा दावा मंजूर झालेला नसल्याचे आपल्या कार्यालयाने माहिती अधिकारातील उत्तरात कळवले आहे. तरी ही सेवा समाविष्ट करून पेन्शन व दोन वर्षांच्या वाढीव सेवेचा लाभ ०१.०५.२०२१ पासून सुधारावा. यापैकी कोणताही कालावधी अमान्य असल्यास तो कोणता, आणि योजनेच्या कोणत्या परिच्छेदानुसार अमान्य, हे लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य नीट पाहण्यासारखे आहे. त्यामुळे पूर्वीसारखे ‘नोंदींनुसार योग्य’ असे उत्तर देणे अशक्य होते असे नाही, पण तसे उत्तर दिलेच तर ते उत्तरच पुढच्या पायरीवर कार्यालयाविरुद्ध वाचले जाते. महागाईचा किंवा साडेसात हजारांचा या अर्जात उल्लेखही नव्हता.

हा अर्ज आवक शिक्क्याने कार्यालयात आणि त्याच मजकुरानिशी ईपीएफआयजीएमएसवर, असा दोन्हीकडे गेला. शिवाय जानेवारी २०२३ पासून ईपीएफओने ‘निधी आपके निकट’ हा उपक्रम दर महिन्याच्या २७ तारखेस जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू केला होता. फेब्रुवारीच्या शिबिरात कामगाराने कागदांची चळत अधिकाऱ्यासमोर ठेवली. अशा शिबिरात निर्णय होतोच असे नाही. समोरासमोर कागद पाहिले जातात आणि कोणता कागद कमी आहे ते तिथल्या तिथे कळते, एवढा उपयोग मात्र निश्चित होतो. येथे दोन्ही खात्यांवरील नावाच्या लेखनातील फरकासाठी संयुक्त घोषणापत्र लागेल, हे तिथे समजले.

एप्रिल २०२३ मध्ये पहिली सुधारणा झाली. १९९६ ते २००१ ही पाच वर्षे धरली गेली, सेवा २३ वर्षांची झाली, त्यामुळे दोन वर्षांची वाढही मिळाली. पाच वर्षांचे ४६४ आणि वाढीव सेवेचे १८६ मिळून पेन्शन दरमहा ६५० रुपयांनी वाढून ३,१३१ झाली आणि मे २०२१ ते मार्च २०२३ या २३ महिन्यांचा फरक, १४,९५० रुपये, खात्यात आला. उरलेल्या दोन वर्षांबाबत कार्यालयाचे उत्तर या वेळी स्पष्ट होते : अंशदान प्राप्त झालेले नाही.

बऱ्याच जणांनी येथे समाधान मानले असते, आणि १८६ रुपयांसाठी पुढे जाणे हा हट्ट आहे असे घरातूनही सुचवले गेले. पण कायद्याच्या दृष्टीने प्रकरणाचा खरा प्रश्न या दोन वर्षांतच होता. योजनेतील पेन्शनपात्र सेवेची व्याख्या केवळ अंशदान मिळालेल्या सेवेपुरती नाही; अंशदान मिळालेले ‘किंवा मिळण्यायोग्य’ असलेल्या सेवेलाही ती लागू होते. मालकाने पगारातून कापून पैसे भरले नाहीत, तर ते वसूल करण्याचे अधिकार निधी कार्यालयाला आहेत, कामगाराला नाहीत; मग वसुली न झाल्याचा भार कामगाराच्या पेन्शनवर टाकणे त्या व्याख्येशी विसंगत ठरते. आणि कलम ७-अ च्या आदेशाने ती रक्कम मिळण्यायोग्य असल्याचे कार्यालयाने स्वतःच ठरवले होते. अडचण एकच, की अशा आदेशात एकत्रित रक्कम असते, कामगारांची नावे असतीलच असे नाही. ती पोकळी पगारपावत्या आणि नोकरी सुटल्याचा दाखला यांनी भरली.

मे २०२३ मध्ये याच एका मुद्द्यावर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार प्रणालीवर तक्रार गेली. त्या वेळी निपटाऱ्याची मुदत ३० दिवसांची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ती २१ दिवसांवर आणली गेली. सीपीग्राम्सबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दिल्लीला तक्रार केली म्हणजे दिल्लीतला अधिकारी ती वाचतो असे नाही. ती फिरून त्याच प्रादेशिक कार्यालयात येते आणि बहुधा त्याच टेबलाचे उत्तर घेऊन बंद होते. येथेही तसेच झाले. तिची खरी ताकद अपिलात आहे. तक्रार बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते आणि ते वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर जाते. अपिलात नवे काहीही न लिहिता ‘किंवा मिळण्यायोग्य’ हे शब्द, आदेशाची तारीख आणि कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर, एवढेच समोरासमोर ठेवण्यात आले.

याच सुमारास कॅलेंडरकडे पाहणे भाग पडले. निधीचा सदस्य हा ग्राहक असून निधी आयुक्त सेवा पुरवतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार जोशी प्रकरणात १९९९ मध्ये मान्य केले आहे, आणि २००८ मधील भवानी प्रकरणात ईपीएसच्या पेन्शनबाबतही तीच भूमिका घेतली आहे. ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची. पहिली पीपीओ जुलै २०२१ ची. पेन्शनमधील तूट दर महिन्याला नव्याने होते, म्हणून मुदतीचा प्रश्न येत नाही, असा युक्तिवाद करता येतो; परंतु युक्तिवाद हाताशी असणे वेगळे आणि त्यावर विसंबणे वेगळे. कार्यालयाला नोटीस जूनमध्येच दिली होती. अपिलाचा निकाल यायचा असतानाच जुलै २०२३ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली गेली. २०१९ च्या कायद्यानुसार ती तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क नाही. संकेतस्थळावरच्या तक्रारी आणि आठवण-अर्ज यांनी ही मुदत थांबत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे भक्कम प्रकरणेही हातची जातात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, आयोगापुढे कार्यालयाने उत्तर दाखल करण्याआधीच, दुसरी सुधारित पीपीओ निघाली. पेन्शन ३,३१७ रुपये झाली आणि २९ महिन्यांचा फरक म्हणून ५,३९४ रुपये जमा झाले. अपील आणि आयोगाची नोटीस एकाच महिन्यात एकाच टेबलावर पोहोचल्या होत्या, त्यामुळे यश कोणत्या पायरीचे हे सांगता येणार नाही. दोन्हींमध्ये जोडलेले कागद मात्र तेच होते.

व्याजाचा मुद्दा बाकी राहिला. योजनेच्या परिच्छेद १७-अ नुसार, सर्व कागदांसह परिपूर्ण असलेला दावा पुरेशा कारणाविना मुदतीत निकाली निघाला नाही, तर दरसाल १२ टक्के दंडव्याज आकारता येते आणि ते आयुक्ताच्या पगारातून वसूल करता येते. ही मुदत आता २० दिवसांची आहे. पण मूळ १०-डी सोबत फाउंड्रीच्या खात्याचा उल्लेखच नव्हता, तेव्हा तो दावा ‘परिपूर्ण’ होता असे म्हणणे अवघड होते. दुसऱ्या अर्जाच्या आवक तारखेपासून व्याज मागता आले असते, आणि ते मागायला हवे होते असे मला वाटते. तक्रारदाराने मात्र सुधारणा मान्य करून आयोगातील तक्रार मागे घेतली.

सुधारित पीपीओ हाती आल्यावर त्याने आणखी एक अर्ज दिला. तिच्यावर पत्नीची जन्मतारीख चुकीची छापली गेली होती, आणि पुढे विधवा पेन्शनच्या वेळी तिला पुन्हा याच खिडकीपुढे उभे राहावे लागू नये, म्हणून ती दुरुस्ती त्याच आठवड्यात, आधार कार्डाची प्रत जोडून आणि आवक शिक्का घेऊन मागण्यात आली.